एका जोडीचे बैल

हिरेगुंडी, ता. अक्कलकोट
२० जून २०२५

चि. प्रभ्यास,

चिरंजीव हे भुवीनं आपल्या मनानं लिहिलं. मी नुसतं प्रभ्या म्हणाले होते. तुझी बहीण बी.एड. झाल्यापासून माझ्या तोंडातलं काढून घेते आणि धुऊन, वाळवून कागदावर घालते. मी हाय म्हटलं की ती आहे करते. करू दे. मला अक्षर ओळखू येत नाही, पण लिहिताना ती कुठं थांबते ते बरोबर कळतं. जिथं थांबेल तिथं मी दोनदा सांगणार.

तुझा फोन तुझ्या बापानं उखळात घालून कुटला, शेंगाची चटणी कुटावी तसा. फोनवरून माणूस सापडतो म्हणे. म्हणून ही पत्राची वाट. पाकिटावर नाव तुझ्या आत्याचं, आत बोलणं तुझ्याशी. माझी लेक महानंदा उजनीच्या पाण्याकाठी केळी लावून सुखात होती, आता तिच्या केळीत तुला लपवलाय. केळीच्या बागेत साप असतात, जपून राहा. म्हणजे साप जपून राहतीलच, तुलाही सांगून ठेवते.

तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. शरणबसवचा हात जोडता आला नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. डावा पंजा गेला तो गेलाच. खालच्या घरचा, आपल्या पिढीजात वैऱ्याकडचा असला तरी नात्यानं तो तुझा चुलतभाऊ, चार पिढ्यांमागचा. लहानपणी तुम्ही दोघं एका वर्गात होता. त्याच्या पाटीवरचं बघून तू पास व्हायचास.

तू पळालास ते बरं झालं असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मी जेवायला बसले की मला वेशीतला तो वास येतो. गुलाल, शेण, कडुलिंबाचा तुटलेला पाला, आणि त्यात ते. मी ताट सरकवते. तुझी अव्वा, माझी सून, म्हणते, "अत्ती, दोन घास तरी खावा की." मी म्हणते, "अगं, आधी आतलं वर यायचं थांबू दे, मग वरचं आत जाईल."

आपल्या घरात अंडं येत नाही. मागं तुझ्या मित्रानं अंड्याचा केक आणला तर तुझ्या बापानं ओट्यासकट भिंत धुवायला लावली. आणि शरणबसवचा हात तोडलेला कोयता त्याच बापानं आपल्या न्हाणीत धुतला, माझ्या आंघोळीच्या घंगाळात. मी ते घंगाळ उकिरड्यावर फेकलं. संध्याकाळी कुणीतरी परत आणून ठेवलं. तांब्याचं आहे म्हणे.

आता गंमत ऐक. तू होतास तिथं, पण तुला दिसली नसेल, तुझ्या डोळ्यांत तेव्हा दुसरंच काही होतं.

आपल्या घरात बैल राहिला नाही. गोठ्यात ट्रॅक्टर आणि तुझी बुलेट. खालच्या घरी तर दोन ट्रॅक्टर. पण ज्येष्ठी पौर्णिमेला बैलांची कारहुणवी आली की वेशीत कडुलिंबाच्या पाल्याची दोरी बांधायची, तिला कर म्हणायचं, आणि ज्याच्या बैलानं ती आधी तोडली त्याचं वर्ष, त्याचा मान. ट्रॅक्टरनं तोडलेली चालत नाही. मग तुझ्या बापानं माळावरच्या धुळा धनगराचा खिलार एका दिवसापुरता मागून घेतला. गुपचूप. धुळाला बिरोबाची आण घातली, कुणापाशी बोलायचं नाही. तिकडं खालच्या घरच्या बापूसाहेबानंही तेच केलं. त्यालाही खिलारच पाहिजे होता, त्यानंही आण घातली. आणि धुळाकडं बैल किती? दोन. एका जुवाखालची जोडी. वासरं होती तेव्हापासून एकाच्या खांद्याला दुसऱ्याचा खांदा. बिचारा दोन्ही घरी सांगत होता, "मालक, ह्यो येकला पळत न्हाय. जोडीदार दिसला तरच पाय उचलतोय." दोघांना वाटलं, टाळतोय.

हलगी वाजली, पोरांनी शेपट्या पिरगाळल्या, आणि मी गच्चीवरून बघते तर दोन्ही बैल पावलाला पाऊल लावून, नांगराला निघावेत तसे आले. एकमेकाला सोडून एक वीतही पुढं नाहीत. दोघांच्या छातीनं कर एकदमच तुटली. तुझा बाप ओरडतोय आमचा, बापूसाहेब ओरडतोय आमचा, आणि बैल धुळाचे. मी पोट धरून हसले. लई वर्षांनी हसले. हसत होते तेवढ्यात तू कोयता काढलास.

भुवी इथं थांबली. दोनदा सांगितलं. लिहिलं तिनं.

माणसं एकमेकांवर तुटून पडली तेव्हा ते दोघं पुढं पटांगणात जाऊन शेजारी शेजारी उभे राहिले आणि एकमेकाची मान चाटत होते. त्या पटांगणात तेवढीच दोन शहाणी तोंडं होती.

धुळाला पोलिसांनी नेलंय. तुझा बाप म्हणतो, नुसतं विचारायला. बघू.

तुझी आज्जी,
सिद्धम्मा


हिरेगुंडी
८ जुलै २०२५

प्रभ्या,

तुझी चिठ्ठी महानंदाच्या नवऱ्यानं आणून दिली. भुवीनं वाचून दाखवली. चार ओळी. केळीला मोटर चालवतो, इथं डास फार आहेत, माझी काळजी करू नका, आणि शेवटी, "आज्जी, घराण्याच्या मानाचा प्रश्न होता."

मी भुवीला म्हटलं, शेवटची ओळ पुन्हा वाच. तिनं वाचली. मी पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा ती रडायला लागली, मग सोडली तिला.

मान म्हणतोस ना? ऐक मग तुझा मान. मला सासूनं सांगितलेला, तिला तिच्या सासूनं. पुरुष सांगतात ती निराळी गोष्ट, तिच्यात सगळे वाघ असतात.

इंग्रजांचा बादशहा दिल्लीला येऊन गेला त्याच्या पुढच्या कारहुणवीची गोष्ट. तेव्हा वरचं घर आणि खालचं घर असं काही नव्हतं. दोन सख्खे भाऊ, एक चूल. दोघांचे स्वतःचे बैल होते, तेवढा तरी त्यांचा दम होता. कर कुणाच्या बैलानं आधी तोडली यावरून बोलाचाली झाली आणि धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यात जू घातलं. थोरला तिथंच गेला. तो आपला. तो वाघ. इथपर्यंत तुला पाठ आहे.

पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. थोरल्याच्या पोरांनी धाकट्याचा मुलगा धरला. धाकटा सापडला नाही म्हणून मुलगा. लहान होता, अजून चड्डी घालत नव्हता. त्याला कडब्याच्या गंजीत टाकून गंजी पेटवली आणि चौघं चार बाजूंनी उभे राहिले. माझ्या सासूची सासू तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणायची, आवाज थांबल्यावर ते चौघं घरात आले आणि जेवायला वाढ म्हणाले. तिनं वाढलं. काय करणार होती? त्यांनी ताक मागून घेतलं.

हा तुझा मान. ताक पिऊन ढेकर दिलेला.

आणि तो पटका. थोरल्याच्या रक्ताचा म्हणून पितळी डब्यात ठेवलेला. दर कारहुणवीला डबा उघडायचा, पटक्याला हळदकुंकू लावायचं, घरातल्या पोरांनी त्यावर हात ठेवून आण घ्यायची. तूही घेतलीस. लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्याही कपाळाला लावला होता. कुबट वास, उंदराच्या लेंड्या, आणि भोवती सगळे डोळे मिटून. मला वाटलं, ह्या घरात देव कमी पडले का?

म्हातारपणी सासू माझ्याजवळ निजायची. एकदा आपणहून म्हणाली, "सिद्धे, खरा पटका वाळवीनं कवाच खाल्ला. माज्या हातात नुसती माती आली. मग मी जुन्या धोतराचा तुकडा घेतला, कात कालवला, चुना कालवला, आन् दिला रंगवून." मी विचारलं, "आन् कुनाला कळलं न्हाय?" म्हणाली, "बाप्यांना कशातलं काय कळतं? नमस्कार करायला मिळाला की झालं."

तर बाळा, ज्याच्यावर हात ठेवून तू आण घेतलीस तो विड्याचा डाग आहे. पिचकारी.

भुवी हसली लिहिताना. बऱ्याच दिवसांनी.

आता हसण्यासारखं नाही ते. धुळाला सोडलं नाही. वार त्यानंच केला असं लिहून घेतलंय. तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो, "अव्वा, तू तुझी जपमाळ कर." मी जपमाळ कधी केली? साठ वर्षं ह्या घरात आहे आणि ह्याला माझ्या हातात काय असतं तेही ठाऊक नाही.

तू केलंस ते तू ये आणि सांग. दुसऱ्यानं भोगायचं नाही. एवढंच सांगायला वरचा सगळा पसारा मांडला.

सिद्धम्मा


हिरेगुंडी
३ ऑगस्ट २०२५

प्रभ्या,

तू काही लिहिलं नाहीस. डासांनी वेळ दिला नसेल.

नागपंचमीला धुळाची बायको बनाबाई आली. पायरीच्या खालीच उभी राहिली. मी म्हटलं, "वर ये की."

"न्हाय अज्जी. हितनंच बोलते. वर आले तर तुमी पानी द्याल, आन् मला ते प्यावं लागंल."

बघ कसं बोलली. शाळा तिच्याकडंही नाही, माझ्याकडंही नाही.

मग म्हणाली, "त्यांनी कबूल केलं म्हनत्यात. कबूल न्हाय, त्यांना मारमारून ल्ह्यालाय कागूद. मी भेटून आले. हाताची बोटं मिटत न्हाईत त्यांची. अज्जी, त्यांनी बैलालाबी कदी काठी घातली न्हाय. मानसाला कोयता घालतील?"

तिनं गच्चीकडं बोट केलं.

"तुमी गच्चीवर व्हता. सगळी खाली बगत व्हती, मी वर बगितलं. तुमी हसत व्हता, मग तुमी तोंडावर पदर दाबला. तुमी बगितलंय अज्जी."

"बगितलं," मी म्हटलं.

"मग?"

तिनं एवढंच विचारलं. मग? आणि गेली, मेंढरं एकटी होती म्हणून. तेव्हापासून तो एक शब्द माझ्या कानात माशीसारखा बसलाय. उडवला की फिरून येतो.

आता हे ऐक, आणि पोटात काही असेल तर आधी बाहेर जाऊन ये.

परवा आपल्या सोप्यात कोण येऊन बसला असेल? बापूसाहेब. खालच्या घरचा म्होरक्या, शरणबसवचा आजोबा. शंभर वर्षांत त्या घरच्या पुरुषानं आपला उंबरा ओलांडला नव्हता. तुझ्या बापानं त्याला गादी दिली. मला वाटलं, चला, रक्त बघून शहाणे झाले. मी स्वतः चहा घेऊन गेले.

बापूसाहेब म्हणाला, "सिद्धम्मावैनी, चाय लई गोड केलीसा की."

"तोंड कडू असतंय मानसाचं अशा येळंला. म्हनून घातली."

हसला. दात सगळे शाबूत आहेत मेल्याचे. मग दोघं बोलायला लागले. मी आत जायचं सोडून खांबाशी बसले, म्हातारीला कोण उठवतो?

तुझा बाप म्हणाला, "मग तुमची मानसं धुळाचंच नाव घेनार की?"

"घेतलं की. बारा जनांनी. तुमच्या सहांनी, आमच्या सहांनी."

"तुमचं उपकार झालं."

"उपकार कसलं सोमलिंग? तुजं पोरगं आत गेलं तर आमाला काय मिळालं? कोरटानं शिक्षा दिली की हिशेब कोरटाचा झाला. आमचा हात आमी घेनार. त्याला भाईर ऱ्हाऊ दे. मोकळा ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, आता तुझा बाप उठेल. गळा धरेल. पोराचा बाप आहे ना?

तुझा बाप काय म्हणाला सांगू? म्हणाला, "ही मर्दाची गोष्ट झाली, बापूसाहेब." आणि विडा पुढं केला.

समजलं का तुला? चार पिढ्या एकमेकाची डोकी फोडणारी ही दोन घरं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झाली. गरीब धनगर आत घालायचा, म्हणजे आपली मारामारी आपल्याकडं राहील. सरकारनं मधे येऊन तिचा विचका करायला नको. तू सुटला नाहीस प्रभ्या. तुला राखून ठेवलाय. पुढच्या कारहुणवीचा बकरा तू, आणि तुझ्या बापानं पान खाऊन तो ठराव पक्का केला.

मी चहाचे कप विसळले नाहीत. उकिरड्यावर टाकले. तांब्याचे नव्हते म्हणून कुणी परत आणले नाहीत.

सिद्धम्मा


हिरेगुंडी
१९ ऑगस्ट २०२५

प्रभ्या,

केळीचा घड पोचला. घरात सगळ्यांनी खाल्ला. मी नाही.

चिठ्ठी पोचली. ह्या वेळी बरीच लांब आहे. तुला वाटतं मी बापाचं ऐकावं. पोलिसांनी विचारलंच तर सांगावं, मला मोतीबिंदू, मला काही दिसत नाही. शाबास! मागच्या साली तूच मला बुलेटवर बसवून डोळ्याच्या दवाखान्यात नेलं होतंस. पट्टी काढल्यावर म्हणाला होतास, "आज्जी, आता तुला वेशीपर्यंतचं दिसंल." दिसलं की रे.

आणि लिहितोस, "दोन्हीकडून मारामारी चालू होती, कुणाचा वार कुणाला लागला कुणास ठाऊक." मला ठाऊक. सांगते तुला, तू विसरला असशील.

मारामारी वेशीत होती. शरणबसव तिच्यात नव्हताच. तुटलेली कर एका बैलाच्या पायात गुंतली होती, आणि तो पटांगणात एकटा वाकून ती सोडवत होता. डावा हात बैलाच्या खुब्यावर, बैल बिचकू नये म्हणून. तोंडानं त्याला चुचकारत होता. तू मागून आलास. हाक मारली नाहीस. चालत आलास रे, पळतसुद्धा नव्हतास. त्यानं मान वळवायच्या आत वार केलास आणि मग ओरडलास, "वरच्या घराचा विजय असो."

बैलाच्या पाठीवरून रक्त खाली ओघळत होतं आणि तो बैल जागचा हलला नाही. त्याला वाटलं असेल, माणूस अजून दोरी सोडवतोय.

ह्याला मारामारी म्हणतोस? खाटीक बरा. तो समोरून येतो, आणि मान असली भाषा बोलत नाही.

काल मी खालच्या घरी गेले. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. पाच मिनिटांची वाट, आणि मला विचारत जावं लागलं. दार शरणबसवच्या बायकोनं उघडलं. दानेश्वरी तिचं नाव. मला बघून ती बाजूला झाली नाही.

"कोन पायजे?"

"तुजा नवरा."

"अर्दाच हाय. चालंल?"

मी म्हटलं, "तोंडाची लई तिखट आहेस की."

"आदी नव्हते," म्हणाली, आणि आत घेतलं.

शरणबसव पूजेला बसला होता. आपण गळ्यातलं लिंग पूजेला कुठं ठेवतो प्रभ्या? डाव्या तळव्यावर. उजव्यानं विभूती, फुलं, पाणी. त्याला डावा तळवा नाही. मग दानेश्वरी त्याच्या समोर बसली, आपला डावा हात पुढं केला, आणि त्यानं तिच्या तळव्यावर लिंग ठेवून पूजा केली. तिचा हात एवढासाही हलला नाही. तू रोज पूजा करतोस का रे तिकडं? दोन्ही हातांनी?

मी त्याला म्हटलं, "पोरा, तुला ठाऊक हाय का कुनी मारलं?"

तो म्हणाला, "अज्जी, माझी पाठ व्हती. सगळी म्हनत्यात धुळा. आजोबा म्हनत्यात, साहेबाम्होरं धुळाच म्हन, मनात काय ठेवायचं ते मनात ठेव. मी बगितलंच न्हाय तर काय म्हनू?"

दानेश्वरी माझ्याकडं बघत होती. "तुमी काय बगितलं अज्जी?"

मी सांगितलं. जसं तुला वर सांगितलं तसंच. तुझं नाव घेऊन.

ती रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं शरणबसवला पाणी दिलं आणि म्हणाली, "आता ह्ये त्या धनगराला धरलेल्या साहेबालाबी सांगा."

तुझी भुवी आता मोठ्यानं रडतेय. तिला सांगितलं, अक्षर ओलं होऊ देऊ नको, पुसलं तर परत सांगावं लागेल. आणि हे तिच्या हातचं शेवटचं पत्र. तुझ्या बापाला कळलंय. तिचं पेन काढून घेतलं म्हणे, हे पेन्सिलीनं चाललंय. तिला शाळेत नोकरी लागू दे, म्हणजे ह्या घरातून एक तरी माणूस दोन्ही हात घेऊन बाहेर पडेल.

गणपती बसायचे आहेत. ते उठायच्या आत तू ये. आपल्या पायांनी ठाण्यात जा. धुळाला बाहेर काढ. नाही आलास तर मी जाते. मला कोर्ट कुठं आहे ठाऊक नाही, पण खालचं घर सापडलं तसं तेही सापडेल.

सिद्धम्मा


भवानी पेठ, सोलापूर
११ सप्टेंबर २०२५

प्रभ्या,

अक्षर निराळं दिसेल. हे दानेश्वरीचं आहे. व्हय, तीच. मी म्हटलं, बाई, दुसरं कुणी बघते. ती म्हणाली, सांगा तुम्ही. ती माझं हाय तसंच लिहितेय की आहे करतेय कुणास ठाऊक, पण थांबत मात्र कुठंच नाही.

गणपती उठले. तू आला नाहीस. मी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन लुगडी घातली आणि निघाले. दारात तुझा बाप उभा. म्हणाला, "अव्वा, ह्या दारातनं गेलीस तर आमी तुला मेलो."

मी म्हटलं, "सोमलिंगा, बापूसाहेबाला पान दिलंस तवाच मी सुतक धरलं."

एसटीत दानेश्वरी आणि शरणबसव आधीच बसले होते. ती माझ्याशेजारी येऊन बसली. बापूसाहेबानं त्यांचेही कपडे अंगणात फेकले होते. इथं माझी धाकटी बहीण अंबुबाई आहे, चादरीच्या दशांना गाठी मारते. तिच्या एका खोलीत आता आम्ही चौघं. शरणबसव एका हातानं सूत धरतो, ती गाठ मारते. मला काही येत नाही, मी टोमणे मारते.

पोलिसांच्या मोठ्या साहेबाच्या कचेरीत गेलो. तो तरुण आहे, सभ्य आहे. मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "आज्जी, तुमच्या घरच्यांनी लिहून दिलंय की तुम्हाला मोतीबिंदू आहे."

"होता. काढला. तुमच्या टेबलावरच्या त्या फोटुतली बाई तुमची आई हाय, नाक तुमचंच हाय. आन् फोटु भिंतीवर लावला तर चा सांडनार न्हाई त्याच्यावर."

त्यानं फोटो पुसला. मग बाकीचं लिहून घेतलं. शरणबसवनंही सांगितलं की मी कुणाला बघितलं नाही, धुळाचं नाव माझ्याकडून म्हणवून घेतलं. धुळाला अजून सोडलं नाही. साहेब म्हणाला, एका म्हातारीच्या शब्दासमोर बारा जणांचे शब्द आहेत. खरा करणारा समोर आला तर धुळा लगेच बाहेर. नाहीतर खटला चालेल, वर्षं जातील. बनाबाई बाहेर बाकावर बसून होती. मी तिला हे सांगितलं. ह्या वेळी तिनं "मग?" विचारलं नाही. माझ्याजवळच्या तांब्यातलं पाणी प्याली.

साहेबानं शेवटी विचारलं, "नातू कुठं आहे?"

मी म्हटलं, "सोमवारी सांगते."

"आज्जी, आज का नाही?"

"म्हाताऱ्या मानसाला आठवायला येळ लागतोय साहेब."

तो चिडला. चिडू दे. तेवढे दिवस मी तुझ्यासाठी मागून घेतलेत, आणि ह्यापुढं काही मागणार नाही.

दुसरंही एक. बापूसाहेबाची दोन माणसं महानंदाच्या गावाजवळ जेऊर स्टेशनवर तुझा फोटो दाखवत फिरत होती. अंबुबाईच्या जावयाचा टेम्पो तिकडं केळी आणायला जातो, त्यानं बघितली. त्यांना पुढच्या कारहुणवीपर्यंतही दम निघत नाही वाटतं. हे पत्र त्याच टेम्पोनं उद्या येतंय. सोमवारी साहेबाला महानंदाच्या बागेची वाट मी सांगणार. आधी कोण पोचतो, पोलीस की खालच्या घरची माणसं, ते माझ्या हातात नाही. दोघांच्या आधी तू निघालास तर मात्र ते तुझ्या हातात आहे. तुला दोन आहेत.

मला तुझी किळस येते प्रभ्या. खोटं कशाला सांगू? रात्री डोळा लागला की तुझं लहानपणचं तोंड दिसतं, दूध ओघळलेलं, आणि मी ते पुसायला हात पुढं करते, आणि हात मागं घेते. कुठल्याच आज्जीवर अशी पाळी येऊ नये. तू आलास की ती किळस जाईल असं मी म्हणत नाही. जाणार नाही. पण तुझ्याशेजारी उभं राहून ती सोसता येईल. लपलेल्या माणसाशेजारी उभं तरी कसं राहायचं?

रविवारी दुपारी मी सोलापूर स्टेशनवर बसते. जेऊरहून येणाऱ्या सगळ्या गाड्या बघते. पोलीस नसतील. तिथून कचेरीपर्यंत आपण रिक्षानं जाऊ.

दानेश्वरी म्हणाली, "मीबी येते."

मी म्हटलं, "तू कशाला ग? त्याचं तोंड बगून तुजं काय भलं व्हनार?"

ती म्हणाली, "अज्जी, मागनं आलेला मानूस समोरनं येताना कसा दिसतोय ते बगायचंय मला."

हे मी लिहायला सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, राहू दे.

तेव्हा गाडीतून उतरलास की मला शोधत बसू नकोस. माझ्या पाया पडायला वाकू नकोस. आधी तिच्यासमोर जाऊन उभा राहा. बोलायचं काय ते मी सांगणार नाही. ते पहिल्यांदा तुझं तू सांग.

सिद्धम्मा